३२५ गुणांचा करार: सहाय्यक प्रशिक्षकाचा हिशेब मांडायचा तरी कसा?

मक्याचं कणीस

धाग्याचं नाव वाचून क्रिकेटवाले आत आले असतील तर आधीच सांगतो, हा अमेरिकन फुटबॉलचा धागा आहे. तोच खेळ, ज्यात पायाचं काम कमी आणि हेल्मेटचं जास्त. तरी बसा. विषय आपल्या ओळखीचाच आहे. वडील कारखान्याचे चेअरमन, चिरंजीव कार्यकारी संचालक, आणि साखरेचा उतारा दरवर्षी खाली.

मी सीडर रॅपिड्सला राहतो. आयोवा विद्यापीठ इथून अर्ध्या तासावर, आयोवा सिटीत. सामन्याच्या शनिवारी घरटी लग्न असल्यासारखं सगळं गाव काळं-पिवळं नेसून एकाच रस्त्याला लागतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरांचा खेळ तो, एवढं काय त्यात! किनिक स्टेडियममध्ये जवळपास ७० हजार माणसं बसतात हे कळल्यावर गप्प बसलो.

इथले मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९९९पासून खुर्चीवर आहेत. त्यांचा मुलगा ब्रायन इथेच खेळला, मग न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात उमेदवारी केली, २०१२ला परत येऊन वडिलांच्या हाताखाली ऑफेन्सिव्ह लाईन (पुढे उभी राहून समोरच्यांना अडवणारी फळी) शिकवू लागला आणि २०१७ला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. म्हणजे चेंडू आपल्या ताब्यात असताना कोणता डाव टाकायचा हे सांगणारा माणूस. पुढे सगळे त्याला ओसी म्हणतील, मीही म्हणतो.

२०२२च्या हंगामात आयोवाची सरासरी सामन्याला १७.७ गुण होती. चेंडू पुढे नेलेल्या यार्डांच्या यादीत १३१ संघांत १३०वा नंबर. त्या वर्षीचा पहिला सामना आम्ही ७-३ने जिंकलो आणि त्यात एकही टचडाऊन, म्हणजे चेंडू थेट समोरच्याच्या गोलक्षेत्रात नेणं, नव्हता! एक फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून चेंडू मारून मिळालेले ३. दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात गाठून मिळालेले २ अधिक २. त्या ४ गुणांत ओसीचा वाटा शून्य.

मग फेब्रुवारी २०२३मध्ये विद्यापीठाने ब्रायनचा करार बदलला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर. १३ सामन्यांत सरासरी २५ गुण, म्हणजे एकूण ३२५, आणि किमान ७ विजय मिळवले तर करार पुढे, वर बोनस. नाहीतर निरोप. राज्यभर या आकड्याची चेष्टा झाली. सामन्याच्या मध्यावर लोक स्कोअर बघायचे नाहीत, '३२५ला किती उरले' ते बघायचे.

मला तपासायचंय ते असं. हा आकडा मोजपट्टी म्हणून बरोबर होता का?

माझं मत: पट्टी चुकीची, उत्तर मात्र बरोबर आलं. त्याच्या कारकिर्दीतल्या सरासऱ्या बघा. २०१७ला २८.२, २०१८ला ३१.२, २०१९ला २५.८, २०२०ला ३१.८. चारही वर्षं पंचविसाच्या वर. पुढे २३.४, १७.७ आणि शेवटी १५.४. त्याला आधी ही अट घातली असती तर पोरगा तीन वेळा तरी बोनस घेऊन गेला असता (२०२०ला विजय सहाच होते).

आता करारातली मेख. त्या ३२५मध्ये बचावफळीने केलेले गुणही धरायचे होते, आणि पंट, म्हणजे अडल्यावर समोरच्याने लांब लाथाडलेला चेंडू, परत आणताना मारलेले टचडाऊनही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते याला. ज्या माणसाला आक्रमण सुधारायला सांगितलं, त्याचं मोजमाप शेजारच्या शेतातलं पीक धरून करायचं!

माझ्या मते ओसीचं प्रगतिपुस्तक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, वहीवर लिहिलेलं असतं. त्याच्या हाताखाली आलेला क्वार्टरबॅक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा बरा झाला का? इथे ब्रायन नापास. बाकी चर्चेसाठी मैदान मोकळं.

निमूटवाचक

वाचतोय. सेफ्टी ही भानगड आज पहिल्यांदा समजली.

टेलगेट मावशी

कणीसराव, मी त्या ७-३च्या सामन्याला हजर होते. डब्यात थालीपीठ आणि लोणी होतं, तेवढंच काय ते त्या दुपारी बरं झालं. पण एक राहिलं तुमच्याकडून. समोरचा साउथ डकोटा स्टेट म्हणजे खालच्या गटातला संघ म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि त्याच संघाने त्या मोसमात त्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. म्हणजे अगदी गल्लीतली पोरं नव्हती ती.

तरी टचडाऊन एकही नाही याचं समर्थन मी करणार नाही. नवऱ्याने चौथ्या पंटनंतर गाडीत जाऊन झोप काढली.

गणिती

सामन्यामागे गुण ही पट्टी का फसवी आहे ते आकड्यांच्या भाषेत सांगतो.

एका सामन्यात एका संघाला साधारण १२च्या आसपास ताबे मिळतात. घाईने खेळणाऱ्याला जास्त, घड्याळ खात खेळणाऱ्याला कमी. आयोवा मुद्दाम सावकाश खेळतो. त्यामुळे सामन्यामागे यार्ड आणि गुण दोन्ही कमीच दिसणार. खरं मोजायचं तर ताब्यामागे गुण मोजा, आणि ताबा मैदानावर कुठून सुरू झाला तेही नोंदवा.

इथे गंमत उलटी होते. आयोवाची बचावफळी आणि पंटर इतके भारी होते की आक्रमणाला बऱ्याचदा आयती चांगली जागा मिळायची. समोरच्याच्या ४० यार्डांवरून सुरुवात करून तीन डाव, दोन यार्ड, आणि फील्ड गोल. फळ्यावर ३ गुण दिसतात. जागा धरून हिशेब केला तर ते ३ गुण पंटरचे. म्हणजे १५.४ हा आकडासुद्धा त्याच्यावर मेहेरबान आहे.

म्हणून 'पट्टी चुकीची' याला +१, पण चूक तुम्ही म्हणता त्याहून मोठी आहे.

टवाळ

थोडक्यात: चेअरमनचा मुलगा, गाळप बंद, आणि ताळेबंदात शेजारच्या कारखान्याची साखर. पुढच्या निवडणुकीला पॅनेल कुणाचं?

लेग बाय

काडी टाकू का एक?

मला हा सगळा प्रकार 'नाचता येईना अंगण वाकडे' याच्या बरोब्बर उलटा वाटतो. नाचायला येत होतं, पण अंगणच दीड फुटाचं दिलं होतं. मुख्य प्रशिक्षक कर्क. धोरण त्यांचं. जोखीम घ्यायची नाही, चेंडू गमवायचा नाही, अडलं की पंट मारा आणि बचावावर सोडा. कुठलाही ओसी आणा, या अंगणात तो एवढंच नाचणार. ब्रायनच्या आधी ग्रेग डेव्हिस होते २०१२ ते २०१६. टेक्सासने २००५चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा तिथले ओसी तेच. इथे आल्यावर त्यांच्याही नावाने लोक बोटं मोडत होतेच की.

सहाय्यकाचा हिशेब करायचा तर जे त्याच्या हातात होतं तेवढंच धरा. नाहीतर मुनीम बदलत राहाल आणि पेढी तशीच राहील.

मक्याचं कणीस

@गणिती, मान्य. ताब्यामागचं मी सोडून दिलं कारण धागा लांबला असता. आता लांबणारच आहे.

@लेग बाय, अंगणाचा मुद्दा बिनतोड आहे, पण एक गोची आहे. त्याच अंगणात, त्याच धोरणात, त्याच माणसाने पहिली चार वर्षं पंचविसाच्या वर काढली. मग अंगण २०२१ला आखडलं का?

२०२३चे आकडे सामन्यागणिक देतो, म्हणजे दुखणं कळेल: २४, २०, ४१, ०, २६, २०, १५, १०, १०, २२, १५, १३, ०, ०. बेरीज २१६, सामने १४. पंचवीस फक्त दोनदा पार. पहिल्याच सामन्यात २४! एका गुणाने हुकलं तेव्हाच आमच्या ऑफिसातला म्हातारा टेक्निशियन म्हणाला होता की हे लक्षण काही ठीक नाही.

नागपूरची संत्री

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण प्रशिक्षकाच्या श्रेयाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्याआधी २०१५-१६ला मुंबई जिंकली, तेव्हाही तेच. मग मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ला चिन्नास्वामीवर मुंबईलाच हरवून त्यांना पहिलं रणजी मिळवून दिलं. त्याच मैदानावर १९९९ला ते स्वतः कर्णधार असताना मध्य प्रदेश अंतिम सामना हरला होता, ते आणखी वेगळं. तीन वेगवेगळे संघ, तीन वेगवेगळ्या पोरांच्या तुकड्या, आणि निकाल तोच. इथे श्रेय कुणाचं यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

तुमच्या ब्रायनने घराबाहेर काय केलं? माणूस बदललेल्या गावात काय करतो ते बघा, वाद मिटेल.

अवांतर: थालीपीठावर लोणी हे बरोबर आहे. दही घेणाऱ्यांशी मी बोलत नाही.

टेलगेट मावशी

संत्रीभाऊ, आमच्याकडे दोन्ही असतं. बोला खुशाल.

आडवी फळी

@नागपूरची संत्री, घराबाहेरचा हिशेब मी देतो, पण त्याने वाद मिटणार नाही, वाढेलच.

ब्रायन २०११ला पेट्रियट्सचा टाइट एंड (अडवणारा आणि पास झेलणाराही खेळाडू) प्रशिक्षक होता. त्या मोसमात रॉब ग्रोन्कोव्स्कीने १७ टचडाऊन झेल घेतले, टाइट एंडसाठी तो विक्रम. संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला. कागदावर सोन्यासारखी नोंद. पण चेंडू फेकणारा टॉम ब्रेडी, वर बिल बेलिचिक, आणि झेलणारा साडेसहा फुटांचा ग्रोन्कोव्स्की. त्या वर्षी त्या जागेवर माझ्या आत्याला बसवलं असतं तरी तिच्या नावापुढे हेच लिहिलं गेलं असतं.

म्हणून आयोवातल्या नोंदी बघू. एखादं स्थान शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं मोजमाप करणं ओसीपेक्षा सोपं, कारण पोरगा कच्चा आला की पक्का होऊन गेला ते दिसतं. आयोवाची लाईन आणि टाइट एंड हा वर्षानुवर्षांचा हुकमी माल आहे. २०१९च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तो) टी. जे. हॉकन्सन आठवा आणि नोआ फँट विसावा गेला. एकाच कॉलेजचे दोन टाइट एंड पहिल्या फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. ट्रिस्टन वर्फ्स २०२०ला तेरावा, टायलर लिंडरबॉम २०२२ला पंचविसावा, सॅम लापोर्टा २०२३ला दुसऱ्या फेरीत. सगळे ब्रायन ओसी असतानाचे.

आता हा पुरावा त्याच्या बाजूचा की विरुद्धचा? हाती वर्फ्स, लिंडरबॉम, हॉकन्सन असताना ज्याला वर्षानुवर्षं सरासरी आक्रमण उभं करता येत नाही, त्याला उत्तम सामान दिलेला बिघडलेला आचारी म्हणावं लागेल.

लेग बाय

@आडवी फळी, आत्याबाईंचा अपमान करू नका.

पण खरंच, तुम्ही एका दगडात दोन पक्षी मारताय. ग्रोन्कोव्स्की चांगला खेळला तर श्रेय ब्रेडीचं, आणि आयोवाचं आक्रमण पडलं तर दोष ब्रायनचा. चित भी मेरी, पट भी मेरी? एकच नियम लावा ना दोन्हीकडे.

आडवी फळी

बरोबर पकडलंत. माघार. पण मग तोच नियम कर्कच्या अंगणालाही लावू: दोष अंगणाचा असेल तर ६१ विजयांचं श्रेयही अंगणाचंच. २०१७ ते २०२३ मिळून आयोवा ६१-२७ (विजय-पराभव) आहे. ब्रायनचे समर्थक हाच आकडा तोंडावर फेकतात.

गणिती

६१ विजयांत फिल पार्कर नावाचा गृहस्थ मोजा, मग बोलू. २०१२पासूनचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. २०२२ला त्याच्या बचावाने सामन्याला १३.३ गुण दिले, २०२३ला १४.८. म्हणजे समोरच्याला पंधराच्या आत रोखायचं आणि आपल्या आक्रमणाने कसेबसे सोळा करायचे, एवढाच करार उरला होता दोघांत.

आणि देशातल्या सर्वोत्तम सहाय्यक प्रशिक्षकाला ब्रॉइल्स पुरस्कार मिळतो, १९९६पासून. २०२३चा कुणाला? फिल पार्करला. एकाच इमारतीत, एकाच मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच वर्षी देशातला सर्वोत्तम सहाय्यक आणि हकालपट्टी झालेला सहाय्यक! अंगण वाकडं होतं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

टवाळ

उत्तर सोपं आहे. पार्करचे वडील चेअरमन नव्हते.

कोरडवाहू

दोन ओळी त्या करारामागच्या व्यवस्थेवर, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

विद्यापीठात नातेवाईकाने नातेवाईकाचा वरिष्ठ असू नये असा नियम. म्हणून कागदावर ब्रायन वडिलांच्या हाताखाली नव्हताच, थेट क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांना उत्तरदायी. म्हणजे रोज सकाळी ज्याच्याबरोबर बैठक, ज्याचं धोरण राबवायचं, तो तुमचं मूल्यमापन करत नाही. करतो तो दुसऱ्या मजल्यावरचा माणूस, ज्याने तुमचा सराव धड पाहिलेलाही नाही. अशा माणसाला आकड्याशिवाय दुसरं काय सुचणार? ३२५ हा खेळाच्या समजुतीतून आलेला आकडा नाही, त्या अडचणीतून आलेला आहे. सरकारी खात्यात ३१ वर्षं काढली, गोपनीय अहवाल कसे लिहितात ते जवळून पाहिलंय. काम न पाहणारा अधिकारी नेहमी मोजता येईल तेच मागतो.

बार्टा १ ऑगस्ट २०२३ला निवृत्त झाले. प्रभारी म्हणून आलेल्या बेथ गेट्झ यांनी ३० ऑक्टोबरला जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन नसेल. तेव्हा संघ ६-२ होता. १३ सामने पुरे होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. मोजपट्टी मोडीत काढली आणि डोळ्यांनी दिसलं त्यावर निर्णय घेतला. मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटतं. कर्क यांनी नाराजी लपवली नाही, बाप म्हणून तेही समजण्यासारखं आहे.

मक्याचं कणीस

@कोरडवाहू, दंडवत. मूळ धाग्यात हे असायला हवं होतं.

आणि पुढचं आणखी विचित्र. 'तू जाणार' असं सांगितल्यावर त्याच ब्रायनने डाव सांगितलेले पुढचे चारही सामने संघ जिंकला: १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. विभागाचं अजिंक्यपद घेतलं. मग अजिंक्यपदाच्या सामन्यात मिशिगनकडून ०-२६, हंगामाअखेरच्या बोल सामन्यात टेनेसीकडून ०-३५. या सहा सामन्यांवरून तुम्ही त्याच्याबद्दल हवं ते सिद्ध करू शकता.

टेलगेट मावशी

दुखापतींचं कुणीच बोलत नाहीये. मिशिगनहून आणलेला केड मॅकनमारा सप्टेंबर संपता संपता गुडघा मोडून बसला. टाइट एंड ल्यूक लाची त्याआधीच गेला, एरिक ऑल नंतर. मग बदली म्हणून उभा राहिलेला डीकन हिल, ज्याचे निम्म्याहून जास्त पास जमिनीवर. बिचाऱ्या पोराला किनिकमध्ये स्वतःच्या लोकांनी हुर्यो केलेलं मला नाही आवडलं. कॉलेजचा मुलगा आहे हो.

तेव्हा २०२३ची शिक्षा थोडी हलकी करा. २०२२ची करू नका, तेव्हा काही निमित्त नव्हतं.

रच्याकने, पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या रुग्णालयाकडे हात हलवतं. वरच्या मजल्यावरून आजारी पोरं हात हलवतात. २०१७ला सुरू झालं हे. त्यासाठी मी ०-०सुद्धा बघीन.

आडवी फळी

मावशी, दुखापतीचा मुद्दा धरला तरी बदली खेळाडू तयार ठेवणं कुणाचं काम? २०२२पासून क्वार्टरबॅक प्रशिक्षकसुद्धा ब्रायनच होता. आधी केन ओ'कीफ तो भाग सांभाळायचे. ते बाजूला झाल्यावर ज्याने आयुष्यभर लाईनमध्ये काढलं त्याने सगळ्यात नाजूक जागा स्वतःकडे घेतली. कणीसरावांची वहीची कसोटी इथे नेमकी लागू पडते: ओ'कीफ असताना नेट स्टॅन्ली तीन वर्षं खेळून ड्राफ्टमध्ये गेला. नंतर स्पेन्सर पेट्रस तिसऱ्या वर्षीही तिथल्या तिथे.

गणिती

आणि पंटर विसरलात. टोरी टेलर, ऑस्ट्रेलियाचा. २०२३ला ९३ पंट, ४,४७९ यार्ड. एका हंगामातला १९३८पासूनचा विक्रम मोडला आणि शिकागो बेअर्सने चौथ्या फेरीत घेतला. 'पंटिंग इज विनिंग' छापलेले टी-शर्ट खपत होते. पंटरला विक्रम करायला आक्रमण किती वेळा अडकावं लागतं याचा विचार करा, ओसीच्या कामाचा तो सगळ्यात स्वच्छ आकडा आहे.

लेग बाय

शेवटचा प्रयत्न करतो. २०२४ला नवा ओसी टिम लेस्टर आला. सरासरी पंचविसाच्या वर गेली, केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड आणि २१ टचडाऊन धावला. सगळे म्हणाले, बघा! पण संघ ८-५. आदल्या वर्षी १०-४. गुण वाढले, विजय घटले. आता?

मक्याचं कणीस

आता एवढंच: केलेब जॉन्सन २०२२ आणि २०२३लाही याच संघात होता. तोच पोरगा, तेच चेअरमन, तेच अंगण. बदलला फक्त डाव सांगणारा. विजय घटले त्याला समोरचे संघ आणि चेंडू कुठे उसळला हेही कारण असतं, पण त्या मुलाच्या वहीतला फरक मला दुसऱ्या कशाने समजावता येत नाही.

माझं मत किंचित बदललंय हे कबूल करतो. मी क्वार्टरबॅकची वही म्हणालो होतो, ती 'हाताशी असलेल्या कुठल्याही खेळाडूची वही' अशी वाचावी. आणि लाईनचा प्रशिक्षक म्हणून ब्रायनला मी आजही घेईन.

नागपूरची संत्री

कणीसराव, एवढं वाचल्यावर एखादा सामना बघावा म्हणतो. कुठला बघू? एकच सांगा.

मक्याचं कणीस

एक नाही, दोन बघा. ४ नोव्हेंबर २०१७चा ओहायो स्टेटविरुद्धचा, ५५-२४. आणि मग तो ७-३. दोन्हीत डाव त्यानेच सांगितले होते.

गणिती

५५मधले पहिले ७ बचावाचे होते. पहिल्याच डावावर इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच झेलला), थेट टचडाऊन. नोंद असावी.

टेलगेट मावशी

७-३ बघताना जवळ खायला काहीतरी घेऊन बसा, संत्रीभाऊ. दही चालेल.